कोंबड्याचा तुरा काळा पडतोय, थंडीने का?

मुळशीकर: पिरंगुटजवळ परसात बारा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराडं सहा बाय चार फुटांचं, वर पत्रा. गेल्या आठवड्यात पहाटे पारा ८ अंशांवर आला, म्हणून चारही बाजूंनी प्लास्टिक लावलं. आता कोंबड्याच्या तुऱ्यावर काळे ठिपके दिसतायत आणि दोन कोंबड्या शिंकतायत. इंटरनेटवर फ्रॉस्टबाइट म्हणजे हिमदंश लिहिलंय, तुऱ्याला व्हॅसलीन लावा म्हणतात. लावू का? शिवाय पुढच्या आठवड्यात पंधरा पिल्लं आणायची आहेत.

खुराडेवाला: हिमदंश नाही. त्यासाठी कातडीतलं पाणी गोठावं लागतं, म्हणजे पारा शून्याखाली हवा. पुण्यात शिवाजीनगरचा नीचांक १.७ अंश, तोही जानेवारी १९३५ मधला. पाषाण, हवेलीकडे पारा आणखी उतरतो, पण ८ अंशांत तुरा गोठत नाही. हिमदंशात तुऱ्याची टोकं आधी फिकट, राखाडी पडतात आणि मग सलग काळी होतात. तुमचे ठिपके सुटे आहेत का? बोटाला खरखरीत, उंच लागतात का?

मुळशीकर: हो, चामखिळीसारखे. डोळ्याजवळही एक आहे.

खुराडेवाला: मग बहुतेक कोंबड्यांची देवी (फाउल पॉक्स). विषाणूचा रोग आहे, डास पसरवतात. त्यावर थेट औषध नाही. कोंबडा वेगळा ठेवा, खपल्यांना पोव्हिडोन आयोडीन लावा, पण खपली उचकटू नका. विषाणू तिच्यातच टिकून राहतो आणि ती खाली अंथरलेल्या तुसात पडली की बाकीच्यांना लागण होते. चोच उघडून आत बघा. पिवळट-पांढरे चट्टे असतील तर दवाखान्यात न्याच, त्यात पक्षी गुदमरून मरतो. ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांना देवीची लस लगेच द्या. ती पंखाच्या पडद्यात टोचतात. सात ते दहा दिवसांनी तिथे गाठ किंवा खपली दिसली पाहिजे, नाहीतर लस लागली नाही असं समजा. एका बाटलीत डोस भरपूर असतात आणि कालवलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून आणणं परवडतं.

आणि तुरा ठिपके नसताना सगळाच जांभळा झाला, वर पटापट मर सुरू झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने न शिवता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. औंधच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत तपासणी होते.

भाताचंतूस: शिंका मला तुमच्या प्लास्टिकच्या वाटतात! पहाटे आतून हात फिरवा, ओला होईल. श्वासाची आणि विष्ठेची वाफ कोंडते, तूस भिजतं, त्यातून अमोनिया निघतो. तो नाकाची आतली त्वचा जाळतो आणि मग सर्दीचे जंतू सहज शिरतात. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. डोळे चुरचुरले तर हवा आधीच बिघडलेली आहे.

आज प्लास्टिक काढा. वारा येतो त्या एकाच बाजूला गोणपाट लावा, तेही कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीपर्यंत. पत्र्याखाली दोन समोरासमोरच्या भिंतींत चार इंचांची फट, कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, रात्रभर उघडी ठेवा. मुंगूस-मांजरासाठी तिच्यावर बारीक जाळी ठोका. ओलं तूस फेकून तीन-चार इंच कोरडं टाका आणि दिवसाआड उकरा. मोठ्या कोंबड्यांना इथे बल्ब लागत नाही. संध्याकाळी मूठभर मक्याचा भरडा जास्त टाका, सकाळी पाणी कोमट द्या, बस्स.

वर_चढणारा: खऱ्या हिमदंशाचंही सांगतो, कारण लेहकडच्या हिवाळ्यात तो होतोच. तिथेही नुसत्या थंडीपेक्षा थंडी आणि ओल एकत्र जास्त घातक असते, म्हणून खुराडं कोरडं आणि वरून हवेशीर लागतं. व्हॅसलीनवर फार भिस्त ठेवू नये. मोठ्या उभ्या तुऱ्याचे कोंबडे आधी सापडतात. चोचीखालची लोंबती कातडी पाण्यात बुडू नये म्हणून भांडं अरुंद तोंडाचं घ्यावं. दांडी गोल नको, चार इंच रुंद सपाट फळी हवी. पक्षी बसला की बोटं पिसांखाली झाकली जातात. गोठलेला भाग चोळायचा नाही, कोमट पाण्याने हळूहळू उबवायचा. काळं पडलेलं टोक कापायचं नाही, खालची त्वचा त्याच्याआड बरी होते.

भाताचंतूस: पिल्लांचं राहिलं. पुण्यात थंडीने मरतात ती पिल्लंच. देवी आटोक्यात येईपर्यंत आणूच नका. आणाल तेव्हा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच, तीन फूट रुंद गोल कडं करा. पंधरांना १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी नको, त्याची ऊब नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी, म्हणजे बल्ब थोडा वर उचलायचा. सगळी बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर गारठलीत, कडेला चोच उघडून धापत असतील तर तापलीत, एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा लागतोय. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत अजिबात नाही, तिच्या विषारी वायूने पिल्लं आणि माणसं दोन्ही जातात.