मदत हवी आहे: एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना), जागतिक बँक वगैरे ठिकाणी इंटर्नशिप किंवा नोकरी, परभणीत बसून सुरुवात कुठून करू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसतीच वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी परभणीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी ॲग्री करतेय. विषय कृषी अर्थशास्त्र, शेवटचं वर्ष. संशोधन तुरीवर आहे: जे शेतकरी उत्पादक कंपनीला माल घालतात आणि जे आडतीवर घालतात, त्या दोघांच्या हातात हमाली, तोलाई, कडता (वजनातली कपात), गाडीभाडं वजा जाता काय उरतं, हे बघतेय. त्यासाठी मानवत आणि पाथरी तालुक्यांतली गावं पालथी घातली. घरी कोरडवाहू शेती, वडील आणि मोठा भाऊ बघतात.

माझ्या बॅचची निम्मी पोरं एमपीएससीच्या मागे, उरलेली बँकेच्या कृषी अधिकारी पदाच्या. ते फॉर्म मीही भरणारच आहे, घरच्यांना शब्द दिलाय. पण २०२३ च्या भरडधान्य वर्षात आमच्याकडे बरेच कार्यक्रम झाले. त्यात बाहेरच्या संस्थांची माणसं आली, त्यांचं काम जवळून बघितलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हे लोक करतात ते आणि मी गावोगाव वही घेऊन करते ते, एकाच जातीचं काम आहे असं वाटलं.

मग संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्यांचं पोर्टल उघडलं आणि गांगरले. पी-२, एनओ-ए, जी-५, कन्सल्टंट, यूएनव्ही (संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक)... यातलं माझ्यासारखीला काय चालतं तेच कळेना. जिथे तिथे अनुभव मागतात. इंटर्नशिप दिसतात त्या न्यूयॉर्क, जिनिव्हाच्या, त्यातल्या बऱ्याच बिनपगारी. तिकडे सहा महिने बिनपगारी राहायचं म्हणजे आमच्याकडे एकरभर रान विकायचं.

दुसरी गोष्ट. संभाजीनगरमधल्या एका ऑफिसातून फोन आला. 'यूएन इंटर्नशिप हमखास मिळवून देऊ', नोंदणी आणि ट्रेनिंग मिळून पंचेचाळीस हजार. बोलणं व्यवस्थित होतं, प्रमाणपत्राचा नमुनासुद्धा पाठवला, त्यावर निळं बोधचिन्ह. भाऊ म्हणतो तुरीचे पैसे आले की भरून टाकू. मला खात्री वाटत नाही.

तर माझ्यासारखीने खरोखर कुठे अर्ज करावा? पदवी हातात पडली की इंटर्नशिपची दारं बंद होतात का? आणि फ्रेंच शिकल्याशिवाय काही खरं नाही असं एका सरांनी सांगितलं, ते कितपत बरोबर?

चहाबाज

बाकीचं जाणकार सांगतीलच, आधी ते पंचेचाळीस हजार वाचवा. संयुक्त राष्ट्रं अर्ज, मुलाखत, ट्रेनिंग, कशाचाही एक रुपया घेत नाहीत. हे त्यांच्याच संकेतस्थळावर ठळक लिहिलंय, भावाला ते पान उघडून दाखवा. मधला माणूस हा प्रकारच तिथे नाही, अर्ज तुमच्या खात्यातून तुम्हीच करायचा.

निळ्या बोधचिन्हाचं म्हणाल तर आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे त्याहून सुबक मिळेल. 'आंतरराष्ट्रीय', 'मानवाधिकार', 'परिषद' असले शब्द जुळवून नाव घेतलेल्या खाजगी संस्था पैशाला पासरी आहेत. कॉलेजात होतात त्या मॉडेल यूएन स्पर्धांचंही तेच. भाषणाचा सराव म्हणून उत्तम, पण ते प्रमाणपत्र म्हणजे यूएनचा अनुभव नव्हे.

खडूस_काका

दिल्लीत लोधी इस्टेटमधल्या एका कचेरीत प्रशासनाच्या बाजूला नोकरी करून निवृत्त झालोय. अर्जांचे ढीग पाहिलेत, म्हणून लिहितो. वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस.

त्या अक्षरांचा घोळ आधी सोडवू. 'पी' म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिकारी, जगभरातून भरती, बदली कुठेही. पी-२ ही साधारण सगळ्यात खालची पायरी, तरी सहसा पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचा अनुभव लागतोच. 'एनओ' म्हणजे ज्या देशात कचेरी, त्याच देशाचे नागरिक. दिल्लीतली एनओ पदं फक्त भारतीयांसाठी, म्हणजे तिथे तुला साऱ्या जगाशी झुंजायचं नाही. 'जी' म्हणजे कार्यालयीन, तीही स्थानिक. याशिवाय कन्सल्टंट आणि निरनिराळे करार. आजकाल कामाचा बराच भार या करारांवरच चालतो. ते तीन महिन्यांचे असतात नाहीतर वर्षाचे, पण शिरकाव तिथूनच होतो.

वायपीपी, म्हणजे यूएनच्या तरुण अधिकारी भरतीच्या परीक्षेचं नाव कानावर येईल. बत्तीस वर्षांपर्यंत देता येते, पण फक्त त्या वर्षीच्या यादीतल्या देशांच्या नागरिकांना. यूएनच्या सचिवालयात ज्या देशांची माणसं कमी, त्यांची ती यादी. दरवर्षी बदलते. आधी यादीत भारत आहे का बघायचं, मग अभ्यासाला बसायचं. क्लासवाले उलट क्रमाने करायला लावतात. जेपीओ (कनिष्ठ अधिकारी) म्हणून आणखी एक प्रकार आहे, त्याचा खर्च श्रीमंत देशांची सरकारं उचलतात आणि बहुतेक जागा आपल्याच नागरिकांना देतात. त्यावर फार वेळ घालवू नकोस.

आता कडू बोलतो. सध्याचा काळ वाईट आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही आपली परदेशी मदतीची संस्था गुंडाळली, जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं, आणि यूएनमध्ये 'यूएन८०' नावाखाली काटकसर सुरू झाली. पंधरा-वीस वर्षं काम केलेली माणसं बाजारात आली आहेत आणि तीही याच जागांवर अर्ज करताहेत. घरच्यांना दिलेला शब्द मोडू नकोस, बँकेचा फॉर्म भर. नाबार्डचाही भर.

गोदाकाठ

@चहाबाज, भावाला ते पान दाखवलं. तो त्या ऑफिसला फोन लावून दोन शब्द सुनावणार होता, मी आवरलं.

@खडूस_काका, अगं-तुगंच बरं वाटतं. एनओचं पहिल्यांदाच नीट कळलं. पण तिथेही अनुभव मागतात ना? मग पहिला अनुभव आणायचा कुठून?

टायबरकाठी

मी रोममध्ये राहते. नवऱ्याची नोकरी इथल्या एका विद्यापीठात, मी स्वतः यातल्या एका संस्थेत करारावर भाषांतर तपासायचं काम करते. शेतीवाल्यांसाठी न्यूयॉर्क, जिनिव्हापेक्षा रोम महत्त्वाचं. एफएओ, जागतिक अन्न कार्यक्रम आणि इफाड (शेती विकासाला कर्ज देणारी यूएनची संस्था), तिन्हींची मुख्यालयं इथेच आहेत.

बिनपगारीचा नियम सरसकट नाही. यूएन सचिवालय इंटर्नना पैसे देत नाही, त्याचीच चर्चा जास्त होते. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक मुलगा जिनिव्हात तळ्याकाठी तंबू ठोकून राहिला होता, जगभर बातम्या झाल्या. पण आयएलओ (कामगार संघटना), युनिसेफ, एफएओ, अन्न कार्यक्रम विद्यावेतन देतात, आरोग्य संघटनाही २०२० पासून देते. जागतिक बँक तर तासावर पगार देते, मात्र तिथे तुम्ही पदव्युत्तर किंवा पीएचडीला शिकत असायला हवं. तरी हुरळून जाऊ नका. एफएओचं विद्यावेतन काही वर्षांपूर्वीपर्यंत महिन्याला कमाल ७०० डॉलर होतं. रोममध्ये खोलीचं भाडं दिलं की उरलेल्यात पास्ताच खायचा, तोही घरी शिजवून. व्हिसा आणि विमानाची सोय आपली आपण.

पदवीबद्दल: यूएन सचिवालयात शेवटच्या वर्षाला असताना किंवा पदवीनंतर एका वर्षाच्या आत इंटर्नशिप सुरू व्हावी लागते. युनिसेफला दोन वर्षं चालतात. एफएओ वय बघतं, २१ ते ३०. म्हणजे दार बंद होत नाही, पण रेटूनही ठेवता येत नाही. तुमचा प्रबंध कधी सादर होतोय त्यावरून उलटं मोजा, कारण अर्ज टाकल्यापासून उत्तर यायलाच महिने जातात. बऱ्याचदा येतही नाही.

फ्रेंच आलं तर सोनंच. आफ्रिकेतल्या अर्ध्या कामांना लागतं. पण दिल्लीतल्या जागांना इंग्रजी आणि हिंदीवर भागतं. आत्ता सगळं सोडून फ्रेंचच्या मागे लागू नका, प्रबंध संपवा.

समूह_सहायक

ताई, तुम्ही ज्या गोष्टीसाठी रोम बघताय ती मानवतला आहे.

पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, जागतिक बँकेच्या कर्जातून उभा राहिला. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात. स्मार्ट प्रकल्पही बँकेचाच, आणि त्यातलं मुख्य काम शेतकरी उत्पादक कंपन्यांचं, म्हणजे थेट तुमच्या प्रबंधाचा विषय. फळं-भाजीपाल्याच्या मॅग्नेटमागे आशियाई विकास बँक. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) तेजस्विनी आणि नवतेजस्विनीमागे इफाड. जे इफाड त्या रोमच्या ताईंच्या गावात आहे, त्याच्या पैशावर आपल्याकडच्या बचत गटांच्या बायका शेळ्या पाळताहेत.

मी पोकरात समूह सहायक होतो. काम काय, तर गावात सूक्ष्म नियोजन, ग्राम समितीच्या बैठका, शेतीशाळेची (शेतातच भरणारे शेतकऱ्यांचे वर्ग) तयारी, ॲपवर फोटो चढवणं आणि रेंज नसली की ते चढेपर्यंत टेकाडावर उभं राहणं. नेमणूक एजन्सीमार्फत होती, म्हणजे मी बँकेचा नोकर नव्हतो आणि तसं कुठे लिहीतही नाही. पण नंतर पुण्याच्या एका संस्थेत आंतरराष्ट्रीय निधीच्या प्रकल्पावर मुलाखत दिली, तेव्हा समोरच्या बाईंनी पदवीबद्दल अवाक्षर काढलं नाही. अर्धा तास शेतीशाळेवरच बोलत होत्या. ती पद्धत मुळात एफएओनेच १९८९ मध्ये इंडोनेशियात भाताच्या किडींसाठी सुरू केलेली, त्यामुळे या क्षेत्रात कुणालाही समजावून सांगावी लागत नाही.

तर वर्ष-दोन वर्षं अशा प्रकल्पात, नाहीतर वॉटर (डब्ल्यूओटीआर), बायफसारख्या ग्रामीण विकासाच्या स्वयंसेवी संस्थेत काढा. 'अनुभव कुठून आणायचा' याचं उत्तर तेच. आणि जमलं तर संनियंत्रण-मूल्यमापनाच्या बाजूला घुसा. अर्थशास्त्रवाल्यांना तिथे मागणी असते.

टायबरकाठी

समूह_सहायक यांच्याशी शंभर टक्के सहमत. इथे मुख्यालयात भेटणाऱ्या भारतीयांपैकी सरळ कॉलेजातून आलेले फार थोडे. बहुतेकांची सुरुवात कुठल्यातरी जिल्ह्यातच झालेली असते.

एक राहिलं. इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था विसरू नका. हैदराबादजवळ पाटणचेरूला, तुमच्याकडून थेट गाडी आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही त्यांची पिकं, म्हणजे मराठवाड्याचं शेतच. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी त्यांनी तयार केली आणि २०१८ मध्ये तुमच्या विद्यापीठाने प्रसारित केली. तिथे ओळख असलेलं कुणीतरी तुमच्याच कॅम्पसवर निघेल, विचारून बघा. कृषी अर्थशास्त्रासाठी दिल्लीत इफ्प्रीचं (अन्नधोरणावरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) दक्षिण आशिया कार्यालयही आहे.

गोदाकाठ

बाप रे, परभणी शक्ती आमच्या प्रक्षेत्रावर रोज बघते आणि हे डोक्यात आलंच नव्हतं. गाईडना उद्याच विचारते.

यूएनव्हीचं ऑनलाइन स्वयंसेवक खातं उघडलंय. त्यात अनुभवाच्या रकान्यात हे लिहिलंय: 'तूर उत्पादक शेतकऱ्यांच्या विपणन समस्यांचा अभ्यास केला व जनजागृती केली.' चालेल का?

खडूस_काका

चालणार नाही. असं वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि वाचणारा ते वाचतच नाही. किती गावं, किती शेतकरी, प्रश्नावली कुणी तयार केली, माहिती कशात भरली, निष्कर्ष काय निघाला? तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये हमाली, तोलाई, कडता असं लिहिलंस ना, ते वाचून मला लगेच कळलं की ही पोरगी आडतीवर जाऊन उभी राहिलेली आहे. तेच अर्जात येऊ दे. आणि 'जनजागृती' काढून टाक. केली असशील तर कुणाची, कशाबद्दल, ते लिही.

मुलाखतीतही हेच. 'अमुक प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केलंत' असे प्रश्न विचारतात. आपल्याकडची मुलं 'आम्ही सर्वांनी मिळून केलं' म्हणत राहतात. नम्रता चांगली, पण त्यात गुण मिळत नाहीत. प्रसंग, तू केलेलं काम आणि त्यातून काय झालं, एवढं सरळ सांगायचं. असे चार-पाच प्रसंग आत्ताच वहीत लिहून ठेव. सहा महिन्यांनी आठवणार नाहीत.

ऑनलाइन स्वयंसेवक हे चांगलं केलंस. आठवड्याला वीस तासांपर्यंतचं काम असतं, घरून होतं, पैसे लागत नाहीत. एखाद्या अहवालाचं संपादन किंवा आकडेवारी मिळाली तर घे, पोस्टर बनवण्यात वेळ घालवू नकोस.

गोदाकाठ

काका, बदललं. आता असं आहे: 'मानवत व पाथरी तालुक्यांतील १२ गावांत १२० तूर उत्पादकांची स्वतः तयार केलेल्या प्रश्नावलीने मुलाखत, आडत आणि उत्पादक कंपनी या दोन्ही मार्गांच्या क्विंटलमागे खर्चाची तुलना, माहितीचं विश्लेषण एसपीएसएस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये.' इंग्रजी करून गाईडना दाखवेन.

@समूह_सहायक, या प्रकल्पांच्या जाहिराती कुठे बघायच्या? आमच्या फलकावर कधी दिसल्या नाहीत.

समूह_सहायक

फलकावर नाही यायच्या. प्रकल्पांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर भरतीचा विभाग असतो, आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत्माच्या (कृषी विस्ताराची जिल्हा यंत्रणा) लोकांना जाहिरात निघण्याआधीच कुणकुण असते. तिथे एकदा चक्कर मारून या. संस्थांच्या जागांसाठी देवनेटजॉब्स इंडिया आणि रिलीफवेबवर ईमेल सूचना लावून ठेवा. यूएनच्या पोर्टलवर शेवटची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाने असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या रात्री साईट रांगते.

खडूस_काका

आणि संदर्भ म्हणून गाईडचा विद्यापीठाचा ईमेल दे, जीमेल नको. त्यांना आधी विचारून ठेव, म्हणजे दिल्लीहून पत्र आलं तर ते स्पॅममध्ये टाकणार नाहीत.