बालगृहातल्या मुलीवर रात्री लक्ष कसं ठेवायचं? मदत हवी आहे (पुणे)

मी पुण्यात मुलींच्या बालगृहात काळजीवाहक आहे. संस्थेचं नाव कृपया विचारू नका, मुलीचे तपशीलही थोडे बदललेत.

मुलगी 17 वर्षांची. दिवाळीत ज्यांना घर आहे त्या गेल्या, हिला न्यायला कोणी आलं नाही. तेव्हापासून गप्प. गेल्या आठवड्यात तिने क्लिपा, रंगपेटी, ठेवणीतला ड्रेससुद्धा धाकट्या मुलींना वाटून टाकला. मला धस्स झालं. सरळच विचारलं, "जीव द्यायचे विचार येतात का गं?" "येतात ताई." असं विचारलं की नसते विचार डोक्यात भरतात, असं आमच्याकडे अजून मानतात. तसं होत नाही, प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणून धीर झाला.

ससूनला दाखवलंय, गोळ्या चालू आहेत, त्या आमच्याकडे कुलपात असतात.

अडचण रात्रीची आहे. अधीक्षिका मॅडम म्हणतात, तिला सिक रूममध्ये एकटीला झोपवा आणि बाहेरून कडी लावा. ही तर शिक्षाच झाली! पण हॉलमध्ये ठेवायचं तर रात्रपाळीला मी एकटी. रजिस्टरमध्ये लिहू नका, बालकल्याण समिती (बालगृहातल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची सरकारी समिती) जाब विचारेल, असंही सांगितलंय.

तिला खरी धास्ती 18 पूर्ण होण्याची आहे. अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृहातून 18 नंतर बाहेर पडणाऱ्यांसाठीच्या निवासात, 21 पर्यंत राहता येतं, हे मी समजावलं. तर म्हणते, "तिथे ताई कोण असणार?"

तुमच्याकडे रात्रीचं कसं करता? आणि नोंदीचं काय करू?

उत्तर: ताई, मी दुसऱ्या बालगृहात समुपदेशक आहे. कोंडू अजिबात नका. तिचा पलंग तुमच्याशेजारी घ्या आणि दुसरी बाई आजच लेखी मागा. मैत्रिणींना पाळतीवर बसवू नका, त्यांच्यावर फार ताण येतो. नोंद कराच, तारीख-वेळ घालून, आणि समितीलाही लेखी कळवायला लावा. उद्या काही झालं तर कोरं रजिस्टर कोणालाच वाचवणार नाही, मॅडमनाही. रात्री अडलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास मोफत, मराठीतही बोलतात. मात्र 'कसं करायचं ते ठरलंय' असं म्हणाली तर फोनवर वेळ घालवू नका, तिला एकटं न सोडता तडक कॅज्युअल्टीत न्या. अनुरक्षणगृहाचं म्हणाल तर समितीची परवानगी काढून तिला आत्ताच एकदा तिथे नेऊन आणा, तिथल्या मुलींशी बोलू दे.