४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ॲन्ड्रॉइड ॲप: स्टुडिओ न उघडता बिल्ड होतं का?

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, बी.एस्सी.ला आहे. घरच्या कापसाच्या वेचणीचा हिशेब ठेवायला ॲप लिहून राहिलो. कोणत्या बाईनं किती किलो वेचला, किलोमागं भाव काय, उचल किती गेली, बाजाराच्या दिवशी हातात किती द्यायचे, एवढंच. प्रोजेक्ट कॉलेजच्या कॉम्प्युटरवर ॲन्ड्रॉइड स्टुडिओत (ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) सुरू केला, कोटलिन भाषेत आहे. घरचा लॅपटॉप ४ जीबीचा, स्टुडिओ उघडला की माउसही हालत नाही. नेट हॉटस्पॉटचं, रोजचं १.५ जीबी. विजेच्या लाइनचा भरवसा नाही अन् बॅटरी कामातून गेलेली. निव्वळ टर्मिनलवरून, कमांड टाइप करून, एपीके (फोनवर टाकायची ॲपची फाइल) निघते का? सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली की वेचणी लागते, त्याच्या आत बाबांच्या फोनवर पाहिजे.

आर्वीची ताई
निघते भाऊ, आणि तुझ्यासाठी तोच रस्ता बरा. स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते असं गुगलच सांगतं. पण एपीके स्टुडिओ बनवतच नाही, ग्रेडल नावाचं बिल्ड करणारं टूल बनवतं. स्टुडिओ फक्त त्याला कामाला लावतो. ते तू टर्मिनलवरून लाव.

जेडीके १७ (जावाची टूल्स) टाक. स्टुडिओच्या डाउनलोड पानावर खाली नुसत्या कमांड लाइन टूल्सची झिप आहे, ती घे. झिपमधलं सगळं ‘सीएमडीलाइन-टूल्स’च्या आत ‘लेटेस्ट’ नावाचा फोल्डर करून त्यातच ठेव, नाहीतर एसडीके-मॅनेजर एसडीकेची (ॲन्ड्रॉइडच्या टूल्सच्या संचाची) जागा सापडत नाही म्हणून अडून बसतो. मग त्याच्याकडूनच प्लॅटफॉर्म, बिल्ड-टूल्स आणि प्लॅटफॉर्म-टूल्स मागव, लायसन्स मान्य कर. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘ग्रेडलडब्ल्यू’ फाइल आहेच, तिला ‘असेंबल-डीबग’ सांग. एपीके ॲपच्या बिल्ड फोल्डरात, आउटपुट्सच्या आत मिळते. एडीबीनं (लॅपटॉपवरून फोनशी बोलणारं टूल) फोनवर चढव.

पहिलं बिल्ड घरी करू नको. ग्रेडल सगळ्या लायब्रऱ्या (ॲपला लागणारा तयार कोड) तेव्हाच ओढतं, तुझा दिवसाचा डेटा त्यातच उडेल. दिग्रसला, यवतमाळला कुणाकडे वाय-फाय असेल तर लॅपटॉप तिथं घेऊन जा. एकदा त्या लायब्रऱ्या होम फोल्डरातल्या ‘.ग्रेडल’मध्ये जमा झाल्या की घरी ‘--ऑफलाइन’ लावून खुशाल बिल्ड कर. फक्त नवी लायब्ररी जोडली तर पुन्हा नेट लागेल.

वणीवाला
ताईंनी रस्ता बरोबर सांगितला, पण ४ जीबीत खरी मारामारी मेमरीची आहे. ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’ उघड. जेव्हीएमची (ग्रेडल ज्या जावावर चालतं तिची) मेमरीची मर्यादा बहुतेक २०४८ एमबी असेल, ती १५३६ कर. कोटलिनचा कंपायलर स्वतःचा वेगळा डीमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) सुरू करतो, म्हणजे मेमरी खाणारे दोघं. त्याच फाइलमध्ये कोटलिन कंपायलरची एक्झिक्युशन स्ट्रॅटेजी ‘इन-प्रोसेस’ कर, मग ग्रेडलच्याच पोटात काम होतं. बिल्ड झालं तरी ग्रेडलचा डीमन तीन तास बसून राहतो. काम संपलं की ‘--स्टॉप’ देऊन बंद कर त्याला.

लाइनची फार धास्ती घेऊ नको. बिल्ड म्हणजे तुकड्यातुकड्यांचं काम आहे. एएपीटी-२ रिसोर्सेस (चित्रं, मजकूर, मांडणी) बांधतो, कंपायलर कोडच्या क्लास फाइली काढतो, डी-८ त्यांचं फोनला समजणारं डेक्स करतो, शेवटी एपीकेवर चावीनं डिजिटल सही होते. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर पुढच्या खेपेला झालेले तुकडे बहुधा ‘अप-टू-डेट’ म्हणून सुटतात. अर्धवट फाइलनं विचित्र एरर आलाच तर ‘क्लीन’ करून पुन्हा लाव.

दारव्हेकर
झालं! दिग्रसला मामाकडं पहिलं बिल्ड केलं, आता घरी ऑफलाइन चालून राहिलं. बाबांच्या फोनवर ॲप उघडलं, त्यांनी लगेच उचलीचा रकाना मोठा कर म्हणून सांगितलं. शेजारचे दोन कास्तकारही मागून राहिले. हीच एपीके देऊ का?

आर्वीची ताई
थांब, आधी सहीचं पाहा. डीबग बिल्डवर त्या लॅपटॉपच्या होम फोल्डरातल्या ‘.ॲन्ड्रॉइड’मधल्या चावीची सही असते. उद्या लॅपटॉप फॉरमॅट झाला की नवी चावी तयार होईल, आणि फोन जुन्या ॲपवर नवं चढवूच देणार नाही. जुनं काढावं लागेल, त्याच्यासोबत बायांचा सगळा हिशेबही जाईल. म्हणून की-टूलनं स्वतःची की-स्टोअर (चावीची फाइल) बनव, रिलीज बिल्ड त्यानंच सही कर. की-स्टोअरची फाइल पेन ड्राइव्हवरही ठेव, पासवर्ड वहीत लिही. आणि ॲपमधून हिशेब सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) बाहेर काढायची सोय वेचणी लागायच्या आतच कर. त्या बायांच्या मजुरीचा प्रश्न आहे.