'इर्रिडीमेबल अँट-मॅन'चे १२ अंक: कसे वाचावेत, कशा रूपात घ्यावेत?

पानउलट्या

मार्व्हलची २००६ ते २००७ मधली 'द इर्रिडीमेबल अँट-मॅन' ही मालिका पूर्ण वाचायची आहे. रॉबर्ट कर्कमनचं लेखन, फिल हेस्टरचं रेखाटन, एकूण १२ अंक, इतकी माहिती आहे. अँट-मॅन म्हणजे चित्रपटातला स्कॉट लँग एवढीच ओळख असलेल्या वाचकाला आधी दुसरं काही वाचावं लागतं का? सुटे अंक जमवावेत की संग्रह घ्यावा? आणि मालिका मध्येच बंद पडली म्हणतात, तर गोष्ट अर्धवट राहते का? शेवट फोडू नये ही विनंती.

चौकटीबाहेरचा

आधी वाचायची गरज नाही. फक्त तीन माणसं वेगवेगळी आहेत एवढं डोक्यात पक्कं ठेवा. हँक पिम हा मूळचा, १९६२ चा. स्कॉट लँग दुसरा, १९७९ चा. आजारी मुलीसाठी अँट-मॅनचा, म्हणजे मुंगीएवढं लहान करणारा, पोशाख चोरणारा आणि नंतर सरळ मार्गाला लागणारा. या मालिकेतला तिसरा, एरिक ओ'ग्रेडी. २००४ मध्ये 'अव्हेंजर्स'च्या ५०० व्या अंकात स्कॉटला मारलं होतं, त्यामुळे हे नाव तेव्हा रिकामं होतं.

एरिक हा शील्ड या, मार्व्हलच्या कथांतल्या गुप्तहेर संघटनेचा खालच्या फळीतला एजंट. तो आणि त्याचा मित्र ख्रिस मॅकार्थी हेलिकॅरिअरवर, म्हणजे शील्डच्या उडत्या तळावर, पिमच्या प्रयोगशाळेबाहेर पहारा देतायत. पिम अचानक दारातून बाहेर येतो, एरिक दचकतो आणि त्यालाच आडवा करतो. मग नवा पोशाख ख्रिस गंमत म्हणून चढवतो, आणि आकसून दिसेनासा होतो. पुढे शील्डची वैरी संघटना हायड्राच्या हल्ल्यात ख्रिस मरतो आणि पोशाख एरिकच्या हाती लागतो. परत करायचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही.

अडचण येते ती मांडणीत. सुरुवातीच्या अंकांत दोन काळ आलटून पालटून चालतात: एकात हेलिकॅरिअरवर काय घडलं ते, दुसऱ्यात पोशाख घालून शहरात चाललेले उद्योग. शिरस्त्राणामुळे चेहरा दिसत नाही, त्यामुळे आत कोण आहे याचा गोंधळ होतो, आणि तो मुद्दाम केलेला आहे. उपाय सोपा. पहिले तीन अंक एका बैठकीत वाचा. महिन्याला एक अंक या वेगाने वाचणाऱ्यांचा धागा नेमका इथेच तुटत होता.

शाईदौत

वरच्यात एक भर. 'रोग' (rogue, म्हणजे बदमाश) किंवा 'अँटिहिरो' म्हटलं की आपल्याकडे लगेच 'वरून फणस, आतून गोड' अशी प्रतिमा उभी राहते. एरिक तसा नाही. अदृश्य होण्याइतकं लहान होता आलं की हा माणूस पहिल्यांदा बायकांच्या न्हाणीघरात डोकावतो (मिस मार्व्हल ही महानायिकासुद्धा सुटत नाही). मेलेल्या मित्राच्या मैत्रिणीला, वेरॉनिकाला, सांत्वनाच्या निमित्ताने गळाला लावतो. डॅमेज कंट्रोल या, महानायकांच्या मारामारीनंतरची पडझड आवरणाऱ्या कंपनीत नोकरी धरतो ती ढिगाऱ्यातल्या किमती वस्तू लंपास करायला. ब्लॅक फॉक्स हा स्पायडर-मॅनच्या कथांतला म्हातारा चोर त्याला साथीदार म्हणून भेटतो, यावरून काय ते समजा.

कर्कमनची खरी करामत अशी की तो एरिकची वकिली करत नाही. दुःखी बालपण वगैरे पुढे करून सूट मागत नाही. एरिक अधूनमधून कुणाला वाचवतोही, पण लगेच त्या उपकाराची वसुली कशी करायची याचा हिशोब मांडतो. न्हाणीघराचे प्रसंग आज वाचताना विनोदी कमी आणि किळसवाणे जास्त वाटतात. ते माहीत असूनच पुस्तक हातात घ्यावं.

पोशाखाकडे नीट लक्ष द्या. पिमच्या जुन्या पोशाखापेक्षा हा वेगळा आहे: पाठीवर जेट बसवलेत आणि तिथूनच यांत्रिक हात निघतात. या जेटच्या झोतानेच शील्डचा एजंट मिच कार्सनचा चेहरा भाजतो. उरलेली मालिका म्हणजे बऱ्याच अंशी कार्सनने एरिकचा केलेला पाठलाग. हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर आहे. २०१५ च्या चित्रपटात मार्टिन डोनोव्हनने केलेला मिच कार्सन इथूनच उचललाय, फक्त तिथे त्याला हायड्राचा माणूस केलंय.

खोकाभर अंक

आता कशा रूपात घ्यायचे ते.

संग्रह दोन तऱ्हेचे आहेत. आधी दोन छोटे खंड निघाले: 'लो-लाइफ' (अंक १ ते ६) आणि 'स्मॉल-माइंडेड' (अंक ७ ते १२). हे डायजेस्ट आकाराचे आहेत, म्हणजे पान नेहमीच्या कॉमिकपेक्षा बरंच लहान. नंतर बाराही अंक एकत्र असलेलं पेपरबॅक आलं. निव्वळ वाचायचं असेल तर हे एकत्र पेपरबॅकच घ्या. हेस्टरचं रेखाटन आणि अँडी पार्क्सचं शाईकाम जाड, टोकदार, काळ्याचे मोठे तुकडे असलेलं आहे, ते लहान पानावरही तग धरतं. मार खातात ती अक्षरं आणि मुंगीएवढ्या एरिकच्या आकृत्या. ज्या मालिकेचा अर्धा विनोद 'तो पानावर नेमका कुठे आहे' यावर चालतो, तिथे पान लहान करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

सुटे अंक घेणार असाल तर शोधताना दोन खड्डे आहेत. विक्रेत्यांच्या याद्यांत ही मालिका बऱ्याचदा 'अँट-मॅन'खाली सापडत नाही, 'इर्रिडीमेबल'खाली असते. आणि नुसतं 'इर्रिडीमेबल' टाकलंत तर मार्क वेडची २००९ ते २०१२ मधली ३७ अंकांची मालिका समोर येते. ती बूम स्टुडिओजची, तिचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

अंक पहिल्या छपाईचा आहे का, हे बारकोडवरून कळतं. कॉमिकच्या दुकानांसाठी छापलेल्या प्रतीवर मोठ्या बारकोडशेजारी पाच आकड्यांचा छोटा बारकोड असतो. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा, पाचवा छपाईचा. ००७११ म्हणजे सातवा अंक, पहिलं मुखपृष्ठ, पहिली छपाई. शेवटी २ दिसला तर दुसरी छपाई. पाचाऐवजी दोनच आकडे असतील तर ती वर्तमानपत्रांच्या स्टॉलसाठी काढलेली प्रत. आतला मजकूर तोच.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे कण्याचा तिरप्या उजेडातला फोटो मागा. स्टेपलजवळच्या बारीक पांढऱ्या रेघा समोरून घेतलेल्या फोटोत दिसत नाहीत, आणि मुखपृष्ठ गडद असेल तर प्रत हातात आल्यावर त्याच आधी डोळ्यात भरतात.

चौकटीबाहेरचा

मालिका १२ वर का थांबली, तर विक्री. पण त्यामागची यंत्रणा समजली तर अशा मालिका इतक्या अल्पायुषी का ठरतात ते कळतं. अमेरिकेत तेव्हा कॉमिकची दुकानं अंक साधारण दोन महिने आधी मागवत, आणि न खपलेली प्रत सहसा परत जात नसे. म्हणजे पहिला अंक गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधीच दुसऱ्याची मागणी नोंदवलेली असते. नवं पात्र, त्यात पानापानावर राग आणणारं. दुकानदार हात राखूनच मागवणार. पहिल्या अंकावर कुतूहलापोटी मागणी होते, मग ती उतरत जाते. लोकांनी तोंडोतोंडी कौतुक करेपर्यंत मालिकेचं भवितव्य ठरून गेलेलं असतं. संग्रह निघेपर्यंत थांबणारे वाचकही या हिशोबात धरले जात नाहीत.

शिवाय वेळ वाईट. २००६ मध्ये मार्व्हलची 'सिव्हिल वॉर' ही अनेक मालिकांत पसरलेली मोठी कथा जोरात होती, दुकानदाराचा पैसा आणि वाचकाचं लक्ष दोन्ही तिकडे. नंतर १० व्या अंकाला 'वर्ल्ड वॉर हल्क' या तशाच दुसऱ्या कथेची जोड दिली, ती विक्रीला हातभार म्हणूनच असावी. तरी अंक मजेदार आहे: हल्कपुढे हा मुंगीएवढा माणूस. त्यासाठी 'वर्ल्ड वॉर हल्क' वाचायची गरज नाही. हल्क चिडून पृथ्वीवर परतलाय एवढं माहीत असलं की पुरे.

गोष्ट मात्र अर्धवट नाही. कार्सनचा धागा १२ व्या अंकात मार्गी लागतो.

पानउलट्या

वा, पुरेसं मिळालं. मग एरिकचं पुढे काय होतं? आणि सुटे अंक घेतलेच तर ठेवायचे कसे?

शाईदौत

पुढे तो दुसऱ्यांच्या घरी पाहुणा. क्रमाने: 'अव्हेंजर्स: द इनिशिएटिव्ह' (अंक ८ पासून), मग नॉर्मन ऑस्बॉर्न या खलनायकाच्या हाताखालचे 'थंडरबोल्ट्स' (१२८ पासून), मग २०१० पासून एड ब्रुबेकरचे 'सीक्रेट अव्हेंजर्स'. मध्ये टिम सीलीची तीन अंकी 'अँट-मॅन अँड वास्प' आहे. यातलं एकच निवडायचं तर ती घ्या. पिमच्या शेजारी उभा केला की एरिकचा उथळपणा छान उठून दिसतो. 'सीक्रेट अव्हेंजर्स'मध्ये रिक रेमेंडरच्या काळात, २०१२ मध्ये, त्याचं जे होतं ते इथे सांगत नाही. ते मूळ १२ अंक वाचल्याशिवाय वाचू नका, नाहीतर त्या प्रसंगाचं वजनच जाणवणार नाही.

खोकाभर अंक

ठेवण्याबद्दल. २००६ चे अंक गुळगुळीत कागदावर आहेत, जुन्या वृत्तपत्री कागदासारखे लवकर पिवळे पडत नाहीत. त्यांचे वैरी दोन: दमट हवा आणि माणसाची बोटं. दमट हवेत गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात आणि स्टेपल गंजतात, म्हणून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. 'करंट' मापाची पिशवी घ्या, रुंदी साधारण ६.८७५ इंच आणि उंची १०.५ इंच, आणि आत आम्लरहित पुठ्ठा. 'सिल्व्हर' या जरा रुंद मापाच्या पिशवीत अंक सैल राहून हलतो आणि कोपरे दुमडतात. पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या पाच-सात वर्षांनी बदला. मायलरला (पॉलिएस्टरच्या फिल्मला) ती कटकट नाही, पण महाग पडते.

सगळ्यात जास्त नुकसान चिकटपट्टीने होतं. अंक बाहेर काढताना तोंडाची उघडी पट्टी मुखपृष्ठाला चिकटते आणि रंगासकट वरचा थर उचलून आणते. आधी पट्टी पूर्ण सोडवून पिशवीच्या मागच्या बाजूला चिकटवा, मगच अंक पुठ्ठ्यासकट सरकवा. अंक खोक्यात उभे ठेवा, तिरके नकोत. बाराच अंक मोठ्या खोक्यात टाकले तर मागे आधाराला जाड पुठ्ठा लावा, नाहीतर वर्षभरात सगळ्यांच्या कण्याला एकसारखा बाक येतो आणि तो पुन्हा सरळ होत नाही.