एकच आराखडा केला की भांडण मिटतं?

नदीकाठ: काल इथे एकाने लिहिलं की महापालिकांनी आपापला डीपी, म्हणजे विकास आराखडा, करणं बंद करा, सगळं पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे द्या, एकच आराखडा म्हणजे भांडणच संपलं. वाचून राहवेना म्हणून सविस्तर लिहितोय. पीएमआरडीए 2015 ला झाली, प्रारूप आराखडा 2021 ला आला, हरकतींचा ढीग पडला, सुनावण्या झाल्या, कोर्टात गेलं आणि 2025 ला सरकारने आराखडाच रद्द केला. एवढ्या काळात बांधकामं थांबली का कुणाची? घटनेत कलम 243 झेडई आहे, महानगर नियोजन समिती, तिचे दोन तृतीयांश तरी सदस्य नगरसेवकांनी आणि सरपंचांनी आपल्यातून निवडून द्यायचे, आणि खालचे आराखडे एकमेकांशी जुळवणं हेच तिचं काम. ती समिती नीट चालवायची सोडून मुख्यमंत्री अध्यक्ष असलेल्या प्राधिकरणाकडे सगळा कारभार दिला तर माझ्या वॉर्डातला नाला कोण बघणार?

झोनदाखला: निवडून आलेल्यांनी डीपीत काय काय केलं ते पुणेकरांनी बघितलंय, त्यामुळे ते कौतुक राहू दे. मुळा-मुठा महापालिकेची हद्द बघून वाहत नाही. रुंद डीपी रोड हद्दीपर्यंत येतो आणि पलीकडच्या गावात त्याची गल्ली होते, कारण दोन नकाशे दोन ऑफिसात बनले. रिंगरोडच घ्या, बाहेरचा एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाचा, आतला पीएमआरडीएचा, आणि दोन्हीच्या आखणीवर किती वर्षं गेली! वरचा आराखडा खालच्यावर बंधनकारक असलाच पाहिजे.

टँकरग्रस्त: तुम्ही दोघं नकाशावर भांडा, इथे नळ कोरडा आहे. जून 2021 ला 23 गावं महापालिकेत घेतली आणि त्याच गावांचं नियोजन सरकारने पीएमआरडीएकडे दिलं. म्हणजे परवानगी एकाची आणि पाणी दुसऱ्याने द्यायचं. आमच्या बिल्डरने लिहून दिलं होतं की लाइन येईपर्यंत पाणी मी पुरवेन, सोसायटी रजिस्टर झाली आणि तो फोन उचलेना. एका ऑफिसात गेलो तर म्हणे पाणी आमच्याकडे नाही, दुसऱ्यात गेलो तर म्हणे परवानगी आम्ही दिलीच नव्हती. मेंटेनन्समधला मोठा वाटा टँकरला जातो, आणि इथे चर्चा काय तर कलम कुठलं!

सातबारा: पाण्याचं दुःख मान्य आहे, पण फ्लॅट घेताना विचारलं होतं का पाणी कुठून येणार? आमच्या घरच्या जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं, बँक कर्ज देईना, विकायला काढली तर गिऱ्हाईक येईना. कायदा सांगतो दहा वर्षं थांबा, मग जमीन घ्या नाहीतर सोडा अशी कलम 127 ची नोटीस द्या, मग अजून 24 महिने थांबा. वडील त्यातच गेले. टेकडीवाल्यांचं बघा, बीडीपी म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण टाकलं आणि मोबदला 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क. तुमची मोकळी हवा आमच्या सातबाऱ्यावर का?

टँकरग्रस्त: आणि गुंठे पाडून विकले कुणी? रस्त्यालासुद्धा जागा न ठेवता?

सातबारा: तोंड सांभाळून बोला. आम्ही एक गुंठा विकलेला नाही. ज्यांनी विकले त्यांनी शेती झोनमध्ये अडकून, मुलीचं लग्न नाहीतर दवाखाना निघाला म्हणून विकले. पुण्यात बसून शेतकऱ्याला चोर ठरवणं फार सोपं असतं!

झोनदाखला: दोघंही थांबा जरा. यावरच टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना आहे ना. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा काढायच्या आणि उरलेला प्लॉट ज्याचा त्याला परत. अहमदाबादचा 76 किलोमीटरचा रिंगरोड तिथल्या नगरविकास प्राधिकरणाने, औडाने, बऱ्याच अंशी असाच केला. पुण्याजवळच्या माण-म्हाळुंग्यालाही पीएमआरडीएने हेच घेतलंय.

सातबारा: स्कीम वाईट नाही, एवढं म्हणतो. आरक्षणापेक्षा बरीच. पण परत मिळणारा प्लॉट कुठे आणि कधी, हे आधी लेखी हवं, नाहीतर माझी सही मिळणार नाही.

नदीकाठ: बरं, मोठे रस्ते, नद्या, टेकड्या, धरणाचं पाणी वरच्या पातळीवर ठरू द्या, एवढं मी सोडतो. त्यापुढे नाही. शाळेची जागा आणि नाल्याची रुंदी खालीच ठरली पाहिजे, आणि ती ठरवणारा माणूस मला मतदानाला भेटला पाहिजे. मार्च 2022 पासून महापालिकेवर कितीतरी काळ प्रशासकच होता, तेव्हा हरकत घेऊन कुणाच्या दारात जायचं होतं?

झोनदाखला: नाला खालीच ठेवा, पण नाल्याची रुंदी पुढच्या गावात अर्धी झाली तर पूर कुणाच्या घरात शिरतो? तिथे वरचंच चाललं पाहिजे. आणि महानगर नियोजन समितीला नुसती घटनेत जागा असून भागत नाही, तिच्या हातात पैसा नाही.

टँकरग्रस्त: पैशाचं निघालंच आहे तर सांगा, आमच्या गावातल्या इमारतींचं विकास शुल्क परवानगी देणाऱ्याने घेतलं. त्यातलं पाइपलाइन टाकणाऱ्याला किती दिलं? हा हिशोब गाववार जाहीर करा आणि जिथे पाणी नाही तिथल्या नवीन परवानग्या तोवर बंद ठेवा. आराखडा कुणाचा वरचढ ते नंतर बघू.