सीओटू (कार्बन डायऑक्साइड) अग्निशामक दुपारी हलवला तर आत काहीच डुचमळत नाही. रिकामा झाला का?

वारजेकर: सोसायटीच्या मीटररूममध्ये साडेचार किलोचा सीओटू सिलिंडर आहे. सकाळी हलवला की आतला द्रव डुचमळताना हाताला कळतो. दुपारी पत्रा तापून खोली ३८-३९ अंशांवर गेली की काहीच नाही. सर्व्हिसवाला म्हणतो, गॅस गेला, भरून घ्या. दाब दाखवणारं गेज नाहीच. खरं कसं कळणार?

त्रिकबिंदू: इतक्यात पैसे देऊ नका. सीओटूचं क्रांतिक तापमान ३१ अंश. त्या तापमानाच्या वर गेलं की कितीही दाब दिला तरी द्रव आणि वायू वेगळे राहत नाहीत, मग डुचमळणार काय? तुमच्या सिलिंडरमध्ये तर हे त्याआधीच होतं. भरताना लिटरमागे साधारण ०.६७ किलो भरतात. २० अंशांना द्रवाने सुमारे चार-पंचमांश जागा व्यापलेली असते. तापेल तसा तो फुगतो आणि २७-२८ अंशांना पार गळ्यापर्यंत येतो. तिथून पुढे दाब झपाट्याने चढतो, चाळीस अंशांना शंभर बारच्या वर (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका). व्हॉल्व्हवरची सुरक्षा चकती त्यासाठीच असते. एप्रिल-मेमध्ये तरी तो पत्र्याखालून हलवा.

वजनकाटा: गेज नसण्याचं कारणही तेच. द्रव आणि वाफ दोन्ही आहेत तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. २० अंशांना ५७ बार, मग सिलिंडर भरलेला असो की निम्मा. गेज लावून काय कळणार? वजनच करायचं. रिकामं वजन व्हॉल्व्हवर किंवा गळ्यावर ठोकलेलं असतं. ते हॉर्न (गॅस बाहेर सोडणारा भोंगा) आणि नळीसकट आहे की त्याशिवाय, हे आधी बघा. गफलत नेमकी इथेच होते. बाथरूममधला काटा नको, किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आतला गॅस ४५० ग्रॅमहून जास्त, म्हणजे दहा टक्क्यांवर कमी भरला तरच रिफिल. वजन सकाळी करा नाहीतर दुपारी, आकडा तोच येईल.

वारजेकर: ठोकलेला आकडा सापडला, उद्या वजन करतो. अजून एक. प्रात्यक्षिकात हॉर्नमधून पांढरा भुगा पडला, पण फरशी ओली झाली नाही. असं का?

त्रिकबिंदू: ५.२ बारच्या खाली सीओटू द्रव राहूच शकत नाही, आणि पुण्याची हवा जेमतेम ०.९५ बार. बाहेर पडताच काही भागाची वाफ होते, ती उरलेल्याची उष्णता खेचते आणि तो थेट गोठतो, उणे ७९ अंशांच्या आसपास. पुढे त्या भुग्याचा सरळ वायूच होतो, ओल येणार कुठून? वापरताना हॉर्न उघड्या हाताने धरू नका, कातडी चिकटते. दांडाच धरायचा.