आजीला तपासलं, तिच्या बहिणीला नाही. असं का?

धाराशिवची_नात: 2000 च्या आसपास आजीच्या गावात (तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा) बायांना शाळेत बोलावून गर्भपिशवीच्या तोंडाची, कॅन्सर आहे का बघायला, तपासणी केली होती. आजीकडून ब्रशने नमुना घेतला. तिची धाकटी बहीण दोन कोसांवरच्या गावात दिलेली, तिथे नुसती माहिती सांगितली. आजी अजून विचारते, "मला तपासलं, मग तिला का नाही?" संशोधन होतं एवढंच मला कळलं. कुणी समजावून सांगेल का?

सिस्टर_निवृत्त: बाळा, त्या कामात मी सिस्टर होते. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्योंची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून ते केलं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया होत्या. गावांचे 52 गट पाडले आणि कुठल्या गटाच्या वाट्याला काय येणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. एका भागात एचपीव्ही विषाणूची, म्हणजे ज्यामुळे हा कॅन्सर होतो त्याची तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी बघायचं आणि चौथ्यात नेहमीचीच सोय. तुझ्या आजीच्या बहिणीचं गाव चौथ्यात असणार.

माझ्याकडे अ‍ॅसिडचं काम होतं. दोन बाकं जोडून टेबल करायचं, खिडकीला चादर बांधायची. बोळा लावून मिनिटभर थांबायचं आणि संशयाचा पांढरा डाग उमटतो का ते दिव्यात बघायचं. बाई पदर तोंडावर घेऊन पडलेली असायची. त्या एका मिनिटात मी तिला घरचं काहीबाही विचारायचे, कांदा काढला का, पोरगी कितवीत आहे. तेवढ्यानं अंग सैल पडायचं. हे कुठल्या अहवालात येत नाही, पण त्याशिवाय दुसरी बाई दारापर्यंत आली नसती.

आकडेवारीवाला_पुणे: चौथा गट का लागतो, तर तुलना करायला. त्या वेळी या तिन्हींपैकी कशाने मरण टळतं हे खेड्यांत कुणी मोजून पाहिलेलंच नव्हतं. निकाल 2009 मध्ये छापून आला. एचपीव्ही गटात 34,126 बाया होत्या, त्यांत पुढे पसरलेले कॅन्सर 39 आणि मृत्यू 34. न तपासलेल्या 31,488 बायांत तेच आकडे 82 आणि 64. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीचा हा फरक! पॅप आणि अ‍ॅसिडच्या गटांत मात्र ठळक फरक दिसला नाही.

सिस्टर_निवृत्त: ते वाचलं तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. वाटलं, आपण शेकडो बायांना दिव्याखाली बघितलं ते फुकट गेलं. मग मुंबईचा निकाल कळला. तिथे वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायांना शिकवून तयार केलं आणि हीच अ‍ॅसिडची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे डोळ्यांची तपासणी खोटी नव्हती. एकदाच करून ती पुरत नव्हती, असं मी त्यातून समजले.

तुझ्या आजीचा प्रश्न मात्र खरा आहे. न तपासलेल्या गटांवरून पुढे डॉक्टर मंडळींतही मोठा वाद झाला. माझं मत विचारशील तर तुलनेशिवाय काहीच कळलं नसतं. पण कळलं त्या दिवशी पहिली गाडी चौथ्या गटाच्या गावांकडे निघायला हवी. त्या गावांचे आकडे नसते तर 34 या आकड्याला काही अर्थच उरला नसता. तुझ्या आजीइतकंच तिच्या बहिणीनेही दिलंय, हे तिला सांग.

धाराशिवची_नात: आत्ता फोनवर वाचून दाखवलं. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या तिला फोन लावून दे."

सिस्टर_निवृत्त: लाव. आणि तुझी आई तिशीच्या पुढची असेलच, तिची एचपीव्ही तपासणी झाली आहे का तेही विचार. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 पासून तीच तपासणी आधी करा असं सांगितलंय.